औद्योगिक अभियांत्रिकीची तोंडओळख: मनोरी आवृत्ती

औद्योगिक अभियांत्रिकी ही अशी शाखा आहे, की तिच्या पदवीधराला स्वतः बनवलेली वस्तू कुणाला दाखवता येत नाही. स्थापत्य अभियंता पुलाकडे बोट दाखवतो, यंत्र अभियंता पंपाकडे, आणि विद्युत अभियंत्याची आठवण निदान दिवे गेल्यावर तरी काढली जाते. औद्योगिक अभियंत्याची कर्तबगारी न घडलेल्या गोष्टींत असते: न लागलेली रांग, न सडलेला माल, न मारावी लागलेली खेप. न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही. त्यामुळे आपण नेमके काय शिकतो हे मामा-मावश्यांना सांगताना या शाखेच्या विद्यार्थ्याची ओढाताण होते आणि स्थळ सांगून येते तेव्हा परिचयपत्रात नुसते ‘इंजिनीअर’ लिहून वेळ मारून नेली जाते.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या लांबलचक आहे: माणसे, यंत्रे, माल, माहिती, ऊर्जा आणि पैसा यांची एकत्रित व्यवस्था आखणे, ती चालवून पाहणे आणि सुधारणे. परीक्षेत ती जशीच्या तशी लिहावी. एरवीसाठी तीन शब्द पुरतात: हेलपाटे कमी करणे. एका दाखल्यासाठी चार खिडक्या फिरणाऱ्या समाजात या शाखेवर उड्या पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ती बहुधा संगणक शाखा हुकलेल्यांच्या वाट्याला येते.

या विषयाची उदाहरणे पुस्तकांत नेहमी मोटारींच्या कारखान्यांतून येतात. मुंबईच्या विद्यार्थ्याने मोटारीचा कारखाना पाहिलेला असतोच असे नाही, पण मालाडला उतरून मार्व्याला तो एकदा तरी गेलेला असतो. मार्व्याच्या पुढे खाडी आणि खाडीपलीकडे मनोरी. कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती, माडांची रांग, दोऱ्यांवर वाळणारे बोंबील आणि रविवारी उपनगरांतून लोटणारी माणसे. धुराडे एकही नाही. कारखाना नसलेल्या ठिकाणी औद्योगिक अभियांत्रिकी शिकवण्याचा एक फायदा असा, की यंत्रांच्या आवाजात मूळ विषय हरवत नाही. दुसरा फायदा दुपारच्या जेवणाचा आहे.

इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तके १७७६ पासून करतात. त्या वर्षी ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याचे वर्णन केले: दहा माणसांनी कामे वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात, एकेकट्याने सगळे करायचे म्हटले तर वीससुद्धा होणार नाहीत. या शोधाचे जगभर कौतुक झाले. तांडेल, खलाशी, जाळे विणणारा, माल निवडणारी आणि बाजारात बसणारी अशी वाटणी कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण तिच्यावर कुणी ग्रंथ लिहिला नाही, म्हणून तो प्रश्न परीक्षेला येत नाही.

विषयाचे पितृत्व फ्रेडरिक टेलरला (१८५६–१९१५) दिले जाते. टेलरने कारखान्यात स्टॉपवॉच आणले. बेथलेहेम स्टीलमध्ये त्याने फावड्यांचा अभ्यास केला आणि एका फावड्यात साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल आला की मजूर दिवसभरात सर्वांत जास्त काम उरकतो असे काढले. मग हलक्या मालाला मोठे फावडे आणि जड मालाला लहान, अशी व्यवस्था झाली. तिथेच बिडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराचे काम त्याने दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेले आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर. काम जवळजवळ चौपट, मजुरी दुपटीलाही पोहोचली नाही. टेलरने १९११ साली हे सर्व पुस्तकात मोठ्या अभिमानाने मांडले. त्या गुणोत्तराकडे मजुरांचे लक्ष गेले नसेल असे त्याला का वाटले, हे मात्र त्या पुस्तकात सापडत नाही.

टेलर वेळ मोजत होता. फ्रँक गिल्ब्रेथ आणि त्यांच्या पत्नी लिलियन हालचाली मोजत होते. फ्रँक मुळात गवंडी. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करतो, त्यांतल्या तेरा फुकट आहेत, असे त्यांनी दाखवले आणि ताशी १२० विटांचे काम ३५० वर नेले. हाताच्या प्रत्येक कामाचे त्यांनी सतरा-अठरा मूळ हालचालींत पृथक्करण केले: शोधणे, निवडणे, पकडणे, धरून ठेवणे, सोडणे, विसावणे वगैरे. गिल्ब्रेथांच्या घरात बारा मुले होती आणि तिथेही हाच न्याय चाले. मुलांनी पुढे १९४८ साली लिहिलेल्या पुस्तकाप्रमाणे, फ्रँक जाकिटाची बटणे खालून वर लावत, कारण त्यात चार सेकंद वाचत. दोन हातांत दोन वस्तरे घेऊन दाढी करण्याचाही प्रयोग त्यांनी केला. ४४ सेकंद वाचले, पण गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटे गेली. प्रयोग बंद झाला. लिलियन यांनी पुढे स्वयंपाकघराच्या मांडणीचा अभ्यास केला. पायाने झाकण उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

आता मनोरी. हालचालींच्या अभ्यासात ‘धरून ठेवणे’ ही सर्वांत वाईट हालचाल समजली जाते, कारण एक हात नुसता शिकंज्याचे काम करत अडकून पडतो. मासळी कापणारी बाई विळी पायाखाली दाबते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. हे सुधारणेचे शेवटचे टोक आहे. अभियंत्याला इथे सुचवण्यासारखे काही उरत नाही. त्याने पापलेटचे तुकडे घ्यावेत आणि बाजूला व्हावे.

याहून सुरेख उदाहरण वलांडीवर आहे. बांबूचे खांब रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणतात, त्या मांडवाला वलांडी म्हणतात. तिच्यावर बोंबील वाळत घालायचे म्हणजे चिमटा, तार, सुतळी, खिळा असे काहीतरी हवे, असे कुणालाही वाटेल. तिथे यातले काही वापरत नाहीत. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर सोडून देतात, एक अलीकडे, एक पलीकडे. वजन दोन्ही बाजूंना सारखे. जोडणीचा खर्च शून्य, जोडणीचे साहित्य मालातच आलेले, आणि माल वाळल्यावर जोडणी सुटी करायला पुन्हा वेगळे काम नाही. हे एखाद्या परदेशी कंपनीने शोधले असते तर त्याला पेटंट मिळाले असते आणि दोन दिवसांची कार्यशाळा, चहापाण्यासह, भरली असती.

कामाच्या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे प्रक्रियेचा तक्ता. त्यात पाच चिन्हे असतात: क्रियेला वर्तुळ, वाहतुकीला बाण, तपासणीला चौकोन, खोळंब्याला इंग्रजी डी आणि साठवणुकीला उलटा त्रिकोण. बोंबलाचा तक्ता असा उलगडतो. बोट लागते, माल टोपल्यांत भरतात: वर्तुळ. टोपली डोक्यावरून वर येते: बाण. बोंबील एकीकडे, जवळा दुसरीकडे, मांदेली तिसरीकडे, अशी निवड होते; ही क्रियाही आहे आणि तपासणीही, म्हणून वर्तुळ चौकोनात बसते. धुणे, जोड्या लावणे, टांगणे: वर्तुळे. मग येते वाळणे, आणि इथे वर्गात हटकून वाद होतो. दोन-तीन दिवस कुणी मालाला हात लावत नाही, तेव्हा हा खोळंबा म्हणायचा की क्रिया? ताज्या बोंबलात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि उन्हात ते उडून जाते. मालाचे रूप बदलते. सबब ती क्रियाच. यंत्र: सूर्य. वीजबिल: नाही. देखभाल: नाही. बिघाड: अवकाळी पाऊस. गळती: कावळे आणि मांजरे. हेन्री फोर्डने १९१३ साली कामगाराला जागेवर उभे करून गाडी त्याच्यासमोरून सरकवली आणि सांगाडा जोडायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ पुढे दीड तासावर आणला. वलांडीवर बोंबीलही जागेवर असतो आणि माणूसही. फिरते ते यंत्र, तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे, रोज, वेळेवर.

कामाचे वेळापत्रक आखणे हा विषयाचा पुढचा भाग. हेन्री गँट याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. कुठले काम कधी सुरू होते आणि कधी संपते हे त्यावर एका नजरेत कळते. ते वेळेवर का झाले नाही याची चर्चा करायलाही तोच तक्ता उपयोगी पडतो. मनोरीच्या किनाऱ्यावर याहून जुने कोष्टक चालते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, आणि हिशेब तिथेच जुळतो. कागद लागत नाही, सॉफ्टवेअरचे नूतनीकरण लागत नाही.

डोल जाळ्याचे सगळे काम या कोष्टकावर. डोल म्हणजे तोंड रुंद आणि शेपटीकडे निमुळती अशी लांब पिशवी. ती प्रवाहाच्या दिशेला तोंड करून पाण्यात पक्की बांधतात. पाण्याची ओढ मासळीला आत आणते. माणसाने माशामागे धावायचे नाही, भरती-ओहोटीला कामाला लावायचे. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरात असते, भांगाच्या दिवसांत मंद. म्हणजे या कारखान्याचा वेग महिन्याला दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि तो बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाला नाही. उत्पादन-नियोजनाच्या पुस्तकात ‘मर्यादा’ नावाचे प्रकरण असते. त्यात यंत्राची मर्यादा, मनुष्यबळाची मर्यादा, भांडवलाची मर्यादा असे प्रकार येतात. चंद्राची मर्यादा त्यात घालायची राहून गेली आहे.

यानंतर रांगेचा सिद्धान्त, आणि त्यासाठी धक्क्यावर यावे लागते.

रांगेचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने सुरू केले. त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. किती लोक एकदम फोन करतील आणि त्यासाठी किती तारा लागतील, हा त्याचा प्रश्न होता. माणसे एकेकटी, आपापल्या मर्जीने, एकमेकांना न विचारता येतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. मार्व्याच्या धक्क्यावर हे गृहीतक मालाड स्थानकाहून येणारी २७२ क्रमांकाची बस मोडून काढते. बस येईपर्यंत कुणी नसते; बस आली की पन्नास माणसे, सात पिशव्या, एक गॅसची शेगडी आणि वाढदिवसाचा केक एकदम रांगेत. पलीकडून सेवाही एकेकाला मिळत नाही, लाँचभर माणसांना एकदम मिळते. घाऊक आवक आणि घाऊक सेवा असलेली रांग हा शेवटच्या वर्षाचा कठीण विषय आहे. धक्क्यावरचा तिकीटवाला तो रोज सोडवतो.

गंमत म्हणजे या खाडीची फेरी १९८१ साली बेस्टने चालवायला घेतली होती. शहरभर लाल बसगाड्या हाकणाऱ्या उपक्रमाकडे पाण्यावरचा मार्ग आला. टायर पंक्चर होण्याची भीती नसलेला तो त्यांचा एकमेव मार्ग असावा.

रांगेतला सर्वांत उपयोगी नियम जॉन लिटल यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची सिद्धता त्यांनी १९६१ साली दिली. रांगेत सरासरी किती माणसे असतील? मिनिटाला जितकी येतात, गुणिले प्रत्येकाला जितकी मिनिटे थांबावे लागते. समजा, धक्क्यावर मिनिटाला पाच माणसे येत आहेत आणि प्रत्येकजण सरासरी बारा मिनिटे थांबतो, तर धक्क्यावर साठ माणसे उभी असणार. नियम इतका सोपा आहे की सिद्ध करावा लागला याचेच नवल वाटते. पण त्याची ताकद उलट्या दिशेने कळते. घड्याळ न लावता नुसती माणसे मोजली आणि येण्याचा वेग ठाऊक असला की आपल्याला किती थांबावे लागणार हे निघते. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला हे उत्तर आधी कळल्याने आनंद होईल की दुःख, यावर सिद्धान्त काही बोलत नाही.

रांगेतल्या माणसांचे वर्तन पुस्तकात तीन प्रकारचे दिलेले असते. रांग पाहूनच परत फिरणे, थोडा वेळ थांबून मग निघून जाणे, आणि या रांगेतून त्या रांगेत उडी मारणे. मनोरीच्या बाबतीत पहिले दोन प्रकार जवळजवळ दिसत नाहीत. कारण लाँच सोडून दिली तर दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा पंचवीस-तीस किलोमीटरचा वळसा घालून तेच गाव गाठावे लागते, जे समोर दिसते आहे. तिसरा प्रकार मात्र भरपूर आढळतो. त्याला ‘जरा भाऊ पुढे आहे माझा’ असे म्हणतात.

लाँच भरेपर्यंत थांबवायची की ठरल्या वेळी सोडायची, हा खरा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. भरेपर्यंत थांबली तर डिझेल वाचते, पण आधी चढलेला माणूस तापतो. वेळेवर सोडली तर माणूस खूश, पण अर्ध्या लाँचचे डिझेल वाया जाते. दोन्ही खर्च एकाच आलेखावर काढले की कुठेतरी मध्ये सर्वांत कमी खर्चाचा बिंदू सापडतो. अडचण अशी, की डिझेलचा खर्च लाँचवाल्याच्या खिशातून जातो आणि थांबण्याचा प्रवाशाच्या. एकाच आलेखावर दोन वेगवेगळे खिसे असले की बिंदू कुठे येतो हे गणिताने ठरत नाही. त्यातही रविवारी सकाळी लाँच मनोरीकडे भरून जाते आणि रिकामी परतते. संध्याकाळी नेमके उलटे. वाहतुकीच्या या एकतर्फीपणावर जगातल्या मोठमोठ्या जहाज कंपन्यांनाही रिकामे कंटेनर परत नेण्यापलीकडे फारसा इलाज सापडलेला नाही, तेव्हा मनोरीला दोष देऊ नये.

थांबणे सुसह्य करण्याचाही अभ्यास झालेला आहे. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली लिहिले, की रिकामा वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. धक्क्याजवळ भुईमुगाच्या शेंगा, शहाळी आणि वाटीभर चिरलेली कैरी विकणाऱ्यांनी हा लेख वाचलेला नाही, पण अंमलबजावणी त्यांचीच आहे.

टोयोटा कंपनीच्या ताइइची ओहनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, थांबणे, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हालचाल आणि सदोष माल. यांतला ‘साठा’ हा शब्द कोळीवाड्यात फार जपून वापरावा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. उत्पादन शून्य, भूक मात्र चालूच. तेव्हा मे महिन्यात सुका बोंबील, जवळा, सोडे, वाकटी यांची आगोटीची बेगमी करून ठेवणे यालाच पुस्तकात सुरक्षा-साठा म्हणतात. ओहनोंच्या कारखान्याला सुटे भाग तासातासाला मिळत. समुद्र दोन महिने सुटीवर जात नसे. याच काळात बोटी वर ओढून रंग, डांबर, इंजिनाची कामे आणि जाळ्यांची दुरुस्ती होते. कारखान्यांत देखभालीसाठी बंद ठेवायचा काळ व्यवस्थापनाकडून मागून घ्यावा लागतो. इथे तो सरकारच देते आणि परंपरा त्यापुढे नारळी पौर्णिमेची वाट पाहायला लावते.

एका वेळी किती माल घ्यावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस याने १९१३ साली दिले. मोटारवाल्या फोर्डशी त्याचा संबंध नाही. वर्षाच्या मागणीची दुप्पट करावी, तिला एका खेपेच्या खर्चाने गुणावे, एक एकक वर्षभर साठवण्याच्या खर्चाने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. गणित सोपे, आकडे मिळवणे कठीण. मालाड-बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाच किलो सुके बोंबील ठेवण्याचा खर्च म्हणजे फक्त डब्याची किंमत नव्हे. त्यात वरच्या मजल्यावरचा शेजार, सेक्रेटरीची चिठ्ठी आणि वार्षिक सभेतला ‘इतर विषय’ हेही धरावे लागतात. साठवणुकीचा खर्च वाढला की सूत्राप्रमाणे खेपेचा माल कमी होतो. अनेक घरांत तो कमी झालेला आहे, सूत्र ठाऊक नसतानाही.

ताज्या मासळीचे गणित वेगळे. तिला उद्या नाही. आज जास्त आणली तर संध्याकाळी मातीमोल, कमी आणली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे जाते. पुस्तकात याला वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण कालचे वर्तमानपत्रही खपत नाही. तरी कालच्या वर्तमानपत्राला वास येत नाही, हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. उत्तर सुबक आहे. एक वाटा विकल्यावर साठ रुपये सुटतात आणि उरला तर चाळीस बुडतात असे धरले, तर माल एवढा आणावा की सगळा खपून जाण्याऐवजी थोडा उरण्याची शक्यता शंभरात साठ असेल. नफा मोठा आणि बुडीत लहान, तर जास्त आणा; उलटे असेल तर हात आखडता घ्या. पाटीवर बसणारी बाई हे टक्के काढत नाही. ती दुपारी भाव उतरवते, आणि तेवढ्याने दोन्ही आकडे बदलतात. मॉडेलमध्ये किंमत दिवसभर स्थिर असते. पाटीवर ती गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर अवलंबून असते.

मागणीचा अंदाज हे प्रकरण मराठी पंचांगाशिवाय शिकवणे हे या विषयातले मोठे न्यून आहे. पुस्तके ऋतूनुसार चढउताराचे निर्देशांक काढायला शिकवतात आणि उदाहरण आइस्क्रीमचे देतात. मासळीची मागणी ऋतूबरोबर वारावर चालते. रविवार, बुधवार, शुक्रवार चढती. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हे चार दिवस घराघराप्रमाणे कमीअधिक बंद. त्यावर संकष्टी आणि एकादशी येतात, त्या वारावर नाहीत, तिथीवर आहेत. बुधवारी संकष्टी आली की दोन लहरी एकमेकींना छेदतात. आषाढी अमावास्येला मागणी गगनाला भिडते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की कोसळते. एवढा उभा कडा जगातल्या कुठल्याही वस्तूच्या विक्री-आलेखात क्वचित दिसेल. दुसरीकडे ख्रिस्ती वस्तीत चाळीस दिवसांच्या उपासकाळात, विशेषतः शुक्रवारी, मांस वर्ज्य आणि मासळी चालते, म्हणून तिथे आलेख वर. संगणकाला हे शिकवायला वर्षभराची आकडेवारी पुरत नाही, कारण अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो. कोळणीला कालनिर्णय पुरते.

गुणवत्ता-नियंत्रणावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. वॉल्टर शेवार्ट याने १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला. पुढे मोटोरोलाने सिक्स सिग्मा आणले, ज्यात दहा लाखांमागे ३.४ दोष चालतात. मासळीबाजारात नमुना-तपासणी नावाचा प्रकार नसतो. प्रत्येक गिऱ्हाईक प्रत्येक माशाचे कल्ले उघडून लाली पाहते, डोळा पाहते, बोटाने दाबते आणि मग ‘कालचा आहे’ असे म्हणून निम्म्या भावाने मागते. ही शंभर टक्के तपासणी आहे. तिचा निष्कर्ष मात्र तपासणीच्या आधीच ठरलेला असतो.

अडणीचा सिद्धान्त एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली चक्क कादंबरी लिहून लोकांपर्यंत नेला. कुठल्याही व्यवस्थेचा वेग तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागेइतका असतो. बाकी सगळीकडे घाई केली तर त्या जागेपुढे ढीग तेवढा वाढतो. मनोरीला जाताना ती जागा म्हणजे खाडी, हे उघड आहे. महापालिकेच्या योजनांत मार्वे-मनोरी पूल आहे आणि तो झाला की दीड-दोन किलोमीटरांत काम होईल. इथे विद्यार्थ्याने टाळ्या वाजवण्याआधी पुढचे वाक्य वाचावे: अडण सुटत नाही, सरकते. पुलावरून मोटारी आल्या की रांग मनोरीच्या अरुंद गल्लीत लागेल किंवा उलट्या दिशेला मालाड स्थानकाच्या रस्त्यावर, जिथे तिला आधीच बरीच सोबत आहे. शिवाय आजवर या गावात किती माणसे एका वेळी येतील हे लाँचची क्षमता ठरवत आली. तो एक नियंत्रक होता आणि कुणी त्याला पगार देत नव्हते. पूल बांधू नये असा याचा अर्थ होत नाही. पूल झाल्यावर वाहने उभी कुठे करायची, हे पुलाच्या नकाशाच्या पहिल्या पानावर असावे एवढाच होतो.

आतापर्यंत माणसे आकड्यांसारखी वागतील असे धरले होते. ती वागत नाहीत हे मुंबईने या विषयाला फार लवकर शिकवले. १९२० च्या दशकात गिरण्यांच्या मालकांनी कार्यक्षमतेच्या योजना काढल्या: विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू. कागदावर हिशेब बिनचूक होता. कामगारांनी दुसरा हिशेब केला: तीन साचे एकाने सांभाळले तर तिसऱ्या साच्याचा माणूस कुठे जाणार? १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीला या योजना तपासत बसावे लागले. टेलरचे गुणोत्तर परळ-लालबागेत कुणीतरी नीट वाचले होते. त्याच सुमारास अमेरिकेत हॉथॉर्नच्या कारखान्यात दिवे वाढवले तरी काम वाढते आणि कमी केले तरी वाढते, असे आढळल्याचे सांगितले गेले. कुणी लक्ष देत आहे एवढ्यानेच माणूस बदलतो, असा अर्थ लावला गेला. नंतरच्या संशोधकांनी त्या आकड्यांवर बऱ्याच शंका घेतल्या. गोष्ट मात्र इतकी छान होती, की ती पुस्तकांतून हटली नाही.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ १९५२ पासून भारतात येऊन कामाच्या अभ्यासाचे धडे देऊ लागले, १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि १९६३ साली पवईत, विहार तलावाच्या बाजूला, राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सगळे तिला निटी म्हणत. मुंबईच्या उपनगरांत या विषयाचे हे सर्वांत मोठे घर. साठ वर्षांनी, २०२३ साली, ती आयआयएम मुंबई झाली आणि औद्योगिक अभियांत्रिकी हे नाव पाटीवरून उतरले. या शाखेचे पदवीधरही कारखान्यात कमीच राहतात. ते गोदामांत, रुग्णालयांत, विमान कंपन्यांत, बँकांत आणि दहा मिनिटांत भाजी पोहोचवणाऱ्या कंपन्यांत सापडतात, आणि तिथे त्यांना वेगवेगळी नावे असतात. काम तेच: कुणाला कुठे विनाकारण थांबावे लागते ते शोधणे.

प्रात्यक्षिकासाठी मनोरीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना काही सूचना. रांगेच्या नोंदी घ्यायच्या असल्यास रविवार निवडावा, परत यायचे असल्यास रविवार टाळावा. वाळवणाचा अभ्यास पावसाळा संपल्यावर करावा. जून-जुलैत वलांड्या रिकाम्या असतात. तिथी पाहून निघावे. निवडणीला बसलेल्या बायकांसमोर न विचारता स्टॉपवॉच काढू नये. १९२८ नंतर त्या वस्तूकडे मुंबईत कुणी निर्मळ मनाने पाहत नाही. आधी काय करायचे आहे ते सांगावे, परवानगी घ्यावी आणि निघताना किलोभर सुके बोंबील विकत घ्यावेत. तासभर प्रश्नांची उत्तरे दिल्यावर निदान एक गिऱ्हाईक पदरात पडावे, ही अपेक्षा वाजवी आहे. भाव करू नये.